गोड्या पाण्याचं पिंप

मिस्त्रीने प्लग खोलून काढला आणि उजेडात धरून दोनदा फिरवून पाहिला. काजळीने काळाकुट्ट. मग इंजिनातल्या पाण्याच्या वाटेत काडी घालून बघितली, तर तिथे मिठाचा कण नाही. तीस वर्षं होड्यांची इंजिनं खोलणाऱ्या माणसाचं डोकंच चालेना.

“वहिनी, हे समुद्राचं पाणी प्यालेलं इंजिन नाही. चालवता तरी कुठे?”

समोर स्टुलावर बसलेली बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. नवरा गेल्यावर तिने होडी विकून टाकली, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. आठ महिने झाले त्याला. जाळं ओढता ओढता छातीत कळ आली आणि धडधाकट माणूस उभ्या उभ्या गेला.

“अंगणात,” ती म्हणाली. “पिंपात बुडवून. रोज संध्याकाळी पाच मिनिटं. गोडंच पाणी घालते हो! ते म्हणायचे ना, गोड्या पाण्याने धुतलं की इंजिन मरत नाही.”

“अहो, ते समुद्रावरून आल्यावर धुवायचं! नुसतं पिंपात फुरफुरत ठेवलं की आतून काजळतं. इंजिनाला ओझं लागतं ओढायला. नीट राखलं तर वीस वर्षं कुठे गेली नाहीत. पण हे कशासाठी?”

बाई एका दमात सगळं बोलून गेली. नवरा गेला तेव्हा सासूबाई मांडीचं हाड मोडून हॉस्पिटलात होत्या. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात सांगू नका. ते ‘एवढ्यात’ काही संपलं नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यात विसरायलाही लागल्या. मुलगा काल तुमच्यापाशी बसून गेला, असं सांगितलं की त्यांना पटतं. पण संध्याकाळी इंजिनाचा आवाज झाला नाही, तर घास तोंडात घेत नाहीत. घरी आणल्यावर दोन दिवस कडकडीत उपाशी होत्या. तिसऱ्या दिवशी हिने इंजिन पिंपात घातलं, तेव्हा कुठे जेवल्या.

“वीस वर्षं नकोत, मिस्त्री. त्या आहेत तोवर चालू दे, बस.”

मिस्त्री तोंडाचा फटकळ. इंजिनाची हेळसांड केली की गिऱ्हाइकाची बिनपाण्याने हजामत करायचा. त्या दिवशी मात्र त्याने मान खाली घालून प्लग घासायला घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्वतःच इंजिन घेऊन तिच्या अंगणात आला. पिंप काठोकाठ भरलेलं होतं. त्याने इंजिन पिंपाच्या कडेच्या फळीला आवळलं आणि दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला ते सुरू झालं. बाई लगबगीने ताट वाढायला आत गेली. पाच मिनिटांनी त्याने इंजिन बंद केलं, तोच शेजारच्या खोलीतून हाक आली.

“मिस्त्री ना रे? ये आत. आवाज सुधारलाय.”

म्हातारी खिडकीला लागून असलेल्या खाटेवर पडली होती.

“हो आजी. तुमचा मुलगा... आलाय ना आत्ताच. हातपाय धुतोय.”

“तुला खोटं बोलायला जमत नाही बाबा. तिला जमतं.” म्हातारीने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “समुद्रावरून येणारं इंजिन आधी बारीक ऐकू येतं. मग वाढत वाढत जवळ येतं. आधी नवऱ्याचं, मग लेकाचं, जन्मभर तेच ऐकलं मी. हे एकदम खिडकीखाली सुरू होतं.”

मिस्त्री पुसलेलीच बोटं पुन्हा चिंधीने पुसत राहिला.

“मग तिला सांगितलं का नाहीत?”

“घरी आले, पहिल्याच संध्याकाळी काहीच ऐकू आलं नाही, तेव्हाच समजले. ते दोन दिवस मी लेकासाठी उपाशी होते. तिला वाटलं, इंजिनासाठी. तिसऱ्या दिवशी बघते तर ही बादल्यांवर बादल्या ओतून पिंप भरतेय. त्याआधी नुसती भिंतीकडे बघत बसायची. म्हटलं, उठली ना, मग भरू दे. विसराळू म्हणते तर म्हणू दे.”

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. म्हातारीने त्याचा हात धरला.

“किती टिकेल रे?”

“नीट राखलं तर पुष्कळ, आजी.”

“माझ्यापेक्षा जास्त टिकव. मी गेल्यावर संध्याकाळी ती काय करेल?”

सून ताट घेऊन आत आली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

“हे आले बरं का, आई. ऐकलंत ना?”

“ऐकलं गं,” म्हातारी म्हणाली. “आज लवकर आला.” आणि तिने घासासाठी तोंड उघडलं.