फेसलेली मोहरी

“धीरे बोलो, संभाजी. फिर से. राई में पानी कितना?”

मेमसाहेब टाक दौतीत बुडवून थांबली होती. झाशीच्या छावणीतल्या त्या बंगल्यात साहेब आले नि गेले, खानसामा मात्र तीस वर्षं तोच. एवढ्या वर्षांत लोकांनी त्याला “झालं का?” एवढंच विचारलं होतं. “कसं करतोस?” असं विचारणारी ही पहिलीच.

कच्च्या पाल्याला साहेबलोक सलाद म्हणतात, आणि तो घशाखाली उतरावा म्हणून वर चटणी ओततात. तीच चटणी आज वहीत चढत होती. उकडलेल्या अंड्यांचा बलक, साय, जांभळाचा सिरका, मीठ आणि मोहरी. साहेबांच्या पुस्तकांत डब्यातली पूड असायची. संभाजीची आई काकडीच्या कोशिंबिरीसाठी पाट्यावर पाणी शिंपडत मोहरी फेसायची, तीच युक्ती त्याने इथे घुसडली होती. आईला लिहिता येत नव्हतं, तिच्या सासूलाही नाही. एकीने वाटायचं नि दुसरीने शेजारी बसून बघायचं, एवढीच त्या घराची पाकविद्या. सत्तावनचा गदर झाला, बापाची किल्ल्यावरची शिलेदारी गेली, बाप बरुआसागरच्या वाटेवर कुठेतरी संपला. आई सात वर्षांच्या पोराला घेऊन झाशीला परतली, तेव्हा तिच्याकडे मोडकी भांडी नि हे असलं शहाणपण तेवढं उरलं होतं.

दतिया गेटचा केशवराव दुसऱ्या एका बंगल्यावर खानसामा होता. तो संभाजीला बजावून थकला होता. “भैया, मेम विचारतेय तर सांग. पण एक चीज मुठीत ठेव. सगळंच लिहून दिलंस, तर मग तू कशाला हवास?”

संभाजीला पटलं होतं. फेसलेली मोहरी पालथ्या वाटीखाली अर्धी घटका झाकून ठेवायची, त्याशिवाय तिला ठसका चढत नाही. एवढं तो गाळणार होता. पण मेमसाहेब इतकं मन लावून ऐकत होती, की मूठ केव्हा सुटली ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

“और आधी घड़ी ढाँककर रखना, हुजूर. असली बात यही है,” तो आपण होऊन म्हणाला.

तिने त्या शब्दांखाली दोन रेघा ओढल्या. आईचं काहीतरी कागदावर राहिलं, या आनंदात संभाजी दिवसभर तरंगत होता. वेडा माणूस.

त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दोनच महिन्यांनी, पाहुणे जेवायला बसलेले असताना, सूपमध्ये मिठाऐवजी साखर पडली. साहेबाने चाळिशीचा, इंग्रजी वाचता येणारा नवा खानसामा बोलावला. संभाजीची नोकरी गेली की बंगल्यामागची खोली जाणार, आणि त्याच्या बायकोला, राधाबाईला, तर गुडघ्यांमुळे दहा पावलं चालवत नव्हतं. मेमसाहेब न्यायी बाई. तिने साहेबाकडून कबूल करून घेतलं, की चटणी नव्याला जमली नाही तर संभाजीच राहील. चाखायची मात्र संभाजीने.

“तुम सच बोलेगा,” ती त्याला म्हणाली.

सकाळी दहाला नव्याने वही पिठाच्या डब्याला टेकवून उभी केली. एकेका ओळीवर बोट ठेवत, चमच्याने पाणी मोजत तो मोहरी फेसू लागला. हात नवखा होता. संभाजीच्या जिवात जीव आला. मोजून कुठे मोहरी फेसतात? मग नव्याने वाटी पालथी घातली आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला.

चटणी तयार झाली. संभाजीने थेंबभर तळहातावर घेऊन चाटली. मीठ बेताचं, आंबट बेताचं, आणि मग सरळ नाकात गेलेला ठसका. आईचाच. त्याने पुन्हा चाखली, तिसऱ्यांदा चाखली. कुठे उणं सापडेना.

“कैसा?” मेमसाहेबने विचारलं.

कच्ची आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. शब्द जिभेवर आलाही. नवा खाली बघत होता. त्यालाही घरदार असेल. पण त्याची दया आली म्हणून संभाजी अडला नाही. त्या वाटीत त्याच्या आईच्या हातची मोहरी होती, आणि तिला नावं ठेवणं त्याला होईना.

“बराबर है, हुजूर. कुछ कम नहीं.”

मेमसाहेबचे डोळे भरून आले. महिनाअखेरपर्यंत खोलीत राहा, असं ती म्हणाली, आणि उरलेली चटणी तिने त्यालाच देऊन टाकली.

राधाबाई बाजेवर बसून होती. तिने पोळीचा तुकडा चटणीत बुडवून तोंडात टाकला, नाकाला पदर लावला आणि हसली.

“आज झकास जमलीय हो. डोळे गेले म्हणतात मेले. त्यांना म्हणावं, हात बघा. ही चव दुसऱ्या कुणाला साधायची नाही.”

संभाजी तिच्यासमोर जमिनीवर बसला होता. आज ना उद्या सांगावंच लागणार होतं. त्याला फार एकटं वाटलं.

“हो,” तो म्हणाला, आणि पोळीचा आणखी एक तुकडा मोडून त्याने तिच्या हातात दिला.