पन्नास मण्यांचा डबा

पायाला भिंगरी लागते म्हणतात. हिच्या जिभेलाही लागलेली होती. म्हणून कॉन्व्हेंटच्या त्या मुलींच्या शाळेत तिचं नावच भिंगरी पडलं. आठवडाभर तर तिला अन्न गोड लागत नव्हतं. विज्ञान-अभियांत्रिकी वर्गाच्या बाकीच्या मुली निवडून झाल्या होत्या. एक जागा उरली होती आणि हिचे गुण काठावरचे, त्यात वर्कशॉपच्या बाईंचा शेरा: 'बूड स्थिर नाही.' जागा हुकली की दोन वर्षं टंकलेखन. खुर्चीला खिळून टाइप करायचं या नुसत्या कल्पनेनेच तिच्या पायांना मुंग्या येत.

म्हणून पदार्थविज्ञानाच्या सिस्टरनी तिच्यासाठी वेगळी परीक्षा काढली, दिसायला अगदी साधी. डब्याला भोक पाडायचं. काठोकाठ भरलेला डबा दहा मिनिटांत रिकामा झाला पाहिजे. अर्ध्या मिनिटाची सूट. मात्र बनवताना घड्याळाकडे बघायचं नाही. वेळ मोजायचं साधन आपलं आपण शोधायचं आणि वहीत लिहायचं.

शोधायचं काय त्यात? शाळेतल्या कुठल्याही मुलीला झोपेतून उठवून विचारा, चॅपलमध्ये जपमाळेचे पन्नास मणी, म्हणजे पन्नास 'नमो मरिया' प्रार्थना म्हणायला दहा मिनिटं लागतात. भिंगरीने दुधाच्या डब्याला खिळ्याने भोक पाडलं आणि जपमाळ घेऊन स्वयंपाकघरात बसली. पन्नासाव्या मण्याला शेवटचा थेंब पडेपर्यंत भोकाला मेण लावत राहिली.

इस्त्री करता करता आईने विचारलं, "प्रार्थना म्हणतेयस की कोणाशी भांडतेयस?"

"आई, मोजतेय मी! मध्ये बोलू नकोस, चुकतं."

शुक्रवारी प्रयोगशाळेत सिस्टरनी भिंतीवरचं घड्याळ उतरवून ठेवलं, खिशातलं स्वतःकडेच ठेवलं. पाणी वाहू लागलं. भिंगरी एका पायावरून दुसऱ्या पायावर, पेन उघड, पेन मिट. डबा रिकामा झाला आणि सिस्टरनी नुसती मान हलवली.

"लवकर संपला."

"किती लवकर, सिस्टर?"

"ते तू शोधायचंस. अर्धा तास देते. पुन्हा एकदा, शेवटचं."

पन्नास म्हणजे पन्नास मोजले होते, एकही मणी गाळला नव्हता. मग चुकलं कुठे? आणि एकदम आईचं ते भांडणाचं वाक्य आठवलं. चॅपलमध्ये सगळ्यांच्या आधी 'आमेन' म्हणून मोकळी होणारी कोण? हीच. तिने देवाशीही घाईच केली होती, आणि डब्याने ती घाई उघडकीला आणली. तिला खरोखर लाज वाटली.

बाजूच्या ऑफिसच्या दाराच्या काचेतून घड्याळ दिसलं असतं. नुसती मान वळवायची होती. तिने डबा, पेला आणि पाण्याची बादली उचलली नि उलट्या दिशेला पळत सुटली.

चॅपलमध्ये या वेळी थोरल्या सिस्टर एकट्याच जपमाळ म्हणत. रोज सगळ्या मुलींना प्रार्थना सांगणाऱ्या त्याच; चाल गोगलगायीची, पण ठरलेली. घड्याळ वापरायचं नाही असं ठरलं होतं. थोरल्या सिस्टर वापरायच्या नाहीत असं कोणीच म्हटलं नव्हतं!

त्यांनी पहिला मणी धरला तसं तिने पाणी सोडलं. दहाव्या मण्याला खालचा पेला भरला आणि बादलीत सांडू लागला. चौतिसाव्या मण्याला डबा कोरडा ठणठणीत.

कळलं! ती उठायला गेली, तर थोरल्या सिस्टरनी डोळेही न उघडता तिचं मनगट धरलं. अर्ध्यावर उठायची सोय नव्हती. उरलेले सोळा मणी भिंगरीला जन्मात कधी एवढे लांब वाटले नव्हते. पाय शिवशिवत होते, मेण बोलावत होतं, आणि ती म्हातारी बोटं एकेक मणी तब्येतीत सरकवत होती. चाळिसाव्या मण्याच्या पुढे कधीतरी तिची जीभ त्या बोटांच्या चालीला लागली.

प्रयोगशाळेत परतल्यावर हिशेब सोपा होता. चौतीसचे पन्नास व्हायचे, तर दहाव्या मण्याला भरणारा पेला पंधराव्याला भरायला हवा. तिने मेण लावलं आणि त्या चालीत म्हणायला सुरुवात केली. बाराव्यालाच भरला. आणखी मेण. एकोणीस! दाभणाने थोडं मेण खरवडलं. पंधरा.

"वेळ संपली," सिस्टर म्हणाल्या. "वही?"

भिंगरीने घाईघाईत दोन ओळी लिहिल्या. डबा भरला, पाणी सुटलं, आणि सिस्टर वाचू लागल्या. 'साधन: नमो मरिया. साधनातली चूक: म्हणणारी.'

"कधीपासूनची चूक आहे ही?"

"चार वर्षं, सिस्टर. शाळेत आल्यापासून."

सिस्टरनी वही मिटून ठेवली. भिंगरी हात मांडीखाली दाबून बसली. शेवटचा थेंब लोंबकळला, पडला.

"नऊ मिनिटं बेचाळीस," सिस्टर म्हणाल्या. "सोमवारी वर्कशॉपचा एप्रन घेऊन ये. आणि सकाळची प्रार्थना यापुढे तू सांगायचीस. सगळी शाळा तुझ्या मागून म्हणेल."

त्या संध्याकाळी भिंगरी स्वयंपाकघरात सरावाला बसली. आईची इस्त्री चालू होती. दहाएक मणी झाल्यावर आईने इस्त्री उभी करून ठेवली आणि तिच्याकडे बघितलं.

"मिटलं वाटतं भांडण?"

भिंगरी त्याच चालीत म्हणत राहिली. हातातला मणी अजून अर्धा म्हणायचा होता.