त्रास : नाही

दात पांढरे करण्याच्या दोन पद्धतींचा तक्ता दवाखान्यात लागणार होता. एक दिव्याची: ओठांना चाप लावून तोंड ताणायचं, दातांना औषध फासायचं आणि वर निळा दिवा धरायचा, तासाभरात काम फत्ते. दुसरी साच्याची: औषध भरलेला साचा दोन आठवडे रोज घरीच घालायचा. उजळपणा दोन्हींचा सारखाच. फरक काय तो शेवटच्या रकान्यात, त्रासाच्या. साच्याखाली 'थोडा' होतं. दिव्याखाली बाईंच्या अक्षरात बावीस वेळा 'नाही'.

बाई म्हणजे दवाखान्यातल्या मदतनीस. अकरा वर्षं पेशंटचे हात त्यांनीच धरले होते, खुर्चीवरचे नखांचे ओरखडेही त्यांनीच पुसले होते. तरी डॉक्टर सांगतील ते मुकाट्यानं लिहीत आल्या. आज मात्र भाचीचा फोन आला. "मावशी, काल दवाखान्यात तुझ्या टेबलावर तो नवा तक्ता बघितला. उद्या दिवाच घेते. तुझ्याच अक्षरात लिहिलंय की, त्रास नाही!"

या पोरीचे दात साध्या गार पाण्यानं ठणकायचे. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्यातली निम्मी स्वतःवरच होती.

"डॉक्टर, हे धडधडीत खोटं आहे," त्या म्हणाल्या.

"खोटं कसं? प्रत्येकाला मी स्वतः विचारलंय, त्रास नाही ना? सगळे 'नाही'च म्हणाले."

"तोंडात चाप असताना?"

"स्पष्ट ऐकू येतं, बाई! आणि हातच्या कांकणाला आरसा कशाला? माझेच दात करा. तक्त्यावर फोटोही माझाच लावू." डॉक्टर ऐटीत खुर्चीत बसले.

बाईंनी चाप लावला, औषध फासलं, दिवा धरला. दहाव्या मिनिटाला डॉक्टरांचे पाय ताठ झाले.

"त्रास नाही ना, डॉक्टर?"

"आ-ई!"

बाईंनी ताबडतोब दिवा बंद केला. बावीस जणांसाठी तो एकदाही बंद झाला नव्हता. मग तेविसाव्या ओळीत त्यांनी ठसठशीत 'नाही' लिहिलं.

डॉक्टरांनी चाप ओढून काढला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "अहो, 'नाही' काय लिहिताय? मी आई म्हणालो, आई!"

"तेच तर," बाई म्हणाल्या आणि पेन त्यांच्या हातात कोंबलं. "आधीचे बावीसजणही आईच म्हणत होते. खोडा आता, तुमच्या हातानं."