महाराजांच्या पोटावरचा कोंबडा

धरमतरच्या खाडीकाठी मिठाच्या राशीसमोर रोज सकाळी गर्दी लोटायची. मिठात देव दिसतो आणि ज्याला दिसतो त्याचे डोळे बरे होतात, ही बातमी पार रोह्यापर्यंत पोचली होती. 'मला नाही दिसला' असं मात्र अजून एकानेही म्हटलं नव्हतं. म्हणणार कसं? नेत्रानंद महाराज आधीच बजावायचे, "ज्याचं मन पांढरं, त्यालाच दर्शन!" चारचौघांत आपलं मन काळं आहे असं कोण कबूल करील?

चंद्रावतीला मात्र खरंच दिसला होता. तिचा जन्म मिठागरात गेलेला, वर काचबिंदूने दोन्ही बाजूंची नजर खाल्लेली. समोरचं तेवढं दिसे. महाराजांनी निळ्या रंगात देव काढलेली फळी तिच्यापुढे धरली. "नाकावरच्या ठिपक्याकडे बघ, पापणी हलवू नको, तीस वेळा नाव घे!" मग फळी हटली आणि पांढऱ्याशुभ्र राशीवर केशरी देव उभा! बाई ढसाढसा रडली. महाराज म्हणाले, औषधाने देव कोपतो. त्या दिवसापासून तिने डोळ्यांत थेंब घालणं सोडलं.

तीन आठवड्यांनी तिची भाची दिशा सुट्टीवर आली. ही हैदराबादला डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींवर संशोधन करते. थेंबांची बाटली तशीच भरलेली पाहून तिने ती आत्यापुढे धरली.

"आत्ये, थेंब का नाय घातलेस?"

"देव दिसला गो मना. आता थेंब कशाला?"

दिशा भांडली नाही. दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन ती राशीपाशी गेली. काखेत तिने काहीतरी गुंडाळून आणलं होतं.

"महाराज, माझाही एक देव आहे. दाखवू?"

एवढ्या लोकांपुढे महाराजांना नाही म्हणवेना. दिशाने निळ्या ताडपत्रीचा कापलेला कोंबडा पांढऱ्या पुठ्ठ्यावर धरला. सगळ्यांनी टक लावली, तीस मोजले, मिठाकडे पाहिलं.

"अगो बाय, कोंबडा!" गर्दीतली धोंडुबाई किंचाळली. "केशरी! तुऱ्यासकट!"

महाराज हार मानणारे नव्हते. "कोंबड्यातही देव असतो, बालके!"

"असेल. आता सगळ्यांनी महाराजांच्या सदऱ्याकडे बघा."

महाराजांच्या पांढऱ्याशुभ्र, सुखवस्तू पोटावर केशरी कोंबडा ऐटीत बसला होता. मिठागर हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. महाराज सदरा झटकू लागले, तसा हशा आणखीच वाढला.

"जिथे बघाल तिथे कोंबडा," दिशा म्हणाली, "म्हणजे तो मिठात नाय, आपल्याच डोळ्यात हाय. एकच रंग बघून पडद्यातल्या पेशी थकतात. मग पांढरं पाहिलं की उलटा रंग दिसतो. उन्हात मीठ ओढून खोपीत शिरलात की डोळ्यापुढं डाग नाचतात, ते काय देव असतात?"

डाग सगळ्यांच्याच ओळखीचे होते.

चंद्रावतीचा चेहरा उतरला. "म्हंजे माजी गेलेली नजर..."

"नाय येणार, आत्ये." दिशाने थेंबांची बाटली बाहेर काढली. "मी दहा वर्षं याच पेशींच्या मागे हाय. काचबिंदूनं मेलेली एक पण अजून उठवता आली नाय. पण तुला कोंबडा दिसला ना? तो दाखवणाऱ्या पेशी जित्या हायत. थेंब त्यांच्यासाठी."

चंद्रावती तिथेच मिठाच्या बांधावर बसली आणि मान मागे टाकून म्हणाली, "घाल."

चमत्कार बघायला ना नाही. फक्त टाळी वाजवण्याआधी जरा मान वळवून दुसरीकडेही बघावं.