घाव

"हे हात आहेत का खुरपी? गाढवालाही याहून सरळ रेघ मारता येते," बाबा दाराच्या चौकटीवर काटकोन तपासायचा गुण्या आपटत ओरडत होते. समोर सुतारकाम शिकायला आलेला ठोंब्या मान खाली घालून उभा. हे नाव त्याला बाबांनीच दिलेलं. खरं नाव कारखान्यात कुणाच्या लक्षातही नव्हतं. शिव्या संपल्या तसा तो मुकाट्याने चौकट सोडवायला बसला.

थोरला खिडकीपाशी टेबलाचा खण घासत होता, आणि त्याच्या पोटात दुखत होतं. हा बाबांचा सख्खा मुलगा. जाता जाता बाबांनी त्याच्या खणावर नुसता हात फिरवला. "छान झालंय, बाळा."

केस पिकायला आले तरी बाळा. बाबांची नजर अधू होत चालली होती. उद्या कारखाना थोरल्याला मिळणार हे उघडच होतं. पण बाबांच्या हातातलं कसब कुणात उतरतंय, तेही उघडच होतं. असल्या 'छान'ने माणूस आतून पोखरला जातो, वरून कळतही नाही.

रात्री जेवताना थोरल्याच्या बायकोचं इंग्रजीचं पुस्तक ताटाशेजारी. तिला नोकरीची परीक्षा द्यायची होती. "अहो, रिब्यूक म्हणजे झापणं. तुमच्या घरात हा शब्द फुकट शिकायला मिळतो."

"मला नाही मिळत," तो म्हणाला.

"जुन्या फ्रेंचमधून आलाय म्हणे. आधी अर्थ होता मागे हटवणं. त्याच्याही मुळाशी लाकूड तोडणं, घाव घालणं."

बाबा घास चावता चावता हसले. "बरोबरच आहे, सूनबाई. घाव घालायचा तो कसाच्या लाकडावर. भुसभुशीत लाकडाला कोण कशाला हत्यार लावेल?"

बोलून ते पाणी प्यायले. कुणाबद्दल बोललो हे त्यांच्या गावीही नव्हतं. थोरल्याने ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी त्याने टेबलाचा पाय मुद्दाम वाकडा बसवला. आंधळ्यालाही दिसावा इतका वाकडा. आणि वाट बघत उभा राहिला.

बाबांनी गुण्या लावला. फटीतून बोट गेलं. त्यांचा चेहरा लाल झाला, तसं थोरल्याचं काळीज धडधडायला लागलं, लग्नातही धडधडलं नव्हतं असं.

"ठोंब्या, इकडे ये. शेजारी बसून डोळे फुटले होते का तुझे? हा पाय असा बसत होता तेव्हा काय झोपला होतास?"

"बाबा, पाय मी बसवलाय."

"असू दे रे बाळा, दमला असशील," म्हणून बाबा पुन्हा ठोंब्याकडे वळले. "सांगायला तोंड नव्हतं तुला?"

ठोंब्याने एकदा थोरल्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दुसऱ्याच्या वाट्याचं निमूटपणे ऐकून घेत राहिला. मेल्याने तेवढंही सोडलं नाही.

थोरल्याने हातातली पटाशी खाली ठेवली. चालत जाऊन ठोंब्याला खेटून उभा राहिला, आणि तशीच, अगदी त्याच्यासारखी, मान खाली घातली.

बाबांनी आवाज खाली आणला. "तुला नाही रे बोलत, बाळा."