वर्षभर न लागलेल्या किल्ल्या

पांढुर्ण्याच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळणारा मुकुंद असा माणूस होता, की त्याला कोणी 'बऱ्याच दिवसांत दिसला नाहीस' म्हटलं तर नेमके किती दिवस ते तो मनातल्या मनात काढून मोकळा होई. बावीस वर्षं आलेलं पत्र नि गेलेलं पत्र नोंदवून त्याच्या डोक्यातच दोन रकाने पडले होते. एक आल्याचा, एक गेल्याचा. यायचं राहून गेलेल्यांचा तिसरा रकानाही होता, पण तो त्यानं कोणाला दाखवला नव्हता.

वय अठ्ठेचाळीस. लग्न झालं नव्हतं. आधी दोन बहिणींची लग्नं, मग आईचं आजारपण, मग 'आता काय या वयात'. म्हणजे फाइल कोणी नामंजूर केली नव्हती, ती नुसती पुढच्या टेबलावर जात राहिली होती.

त्याची खरी कचेरी सकाळी सातला मोबाइलवर भरे. 'संत्रा चौकी' असं तिचं नाव. साडेचार हजार सभासद. सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात ज्याच्या झाडाचं पान पिवळं पडे, ज्याचा बहार गळे, तो फोटो काढून इथे टाके. उत्तर फुकट मिळे, नि पुष्कळदा बरोबरही असे. हा सगळा कारभार चालवणाऱ्या अकरा स्वयंसेवकांकडे 'किल्ली' होती. किल्लीवाला कोणाचाही मजकूर खोडू शके, औषधांची जाहिरात करणाऱ्याला बाहेर काढू शके, नि त्याच्या सल्ल्यापुढे आपोआप हिरवी खूण उमटे. हिरवी खूण दिसली की लोक डोळे मिटून पंपात औषध भरत. घरातल्या माणसाचं न ऐकणारे लोक त्या खुणेचं ऐकत.

किल्लीवाल्यांना आपसांत बोलायला आत एक वेगळा कोपरा होता. त्या कोपऱ्यात चार वर्षं रोज सकाळी सातला दोनच माणसं असत. मुकुंद आणि सरला.

सरला सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, एक मुलगी इंदूरला. पानाचा फोटो पाहिल्याबरोबर ती जस्त कमी का लोह कमी ते सांगे. मुकुंद जाहिराती खोडे. कामाची वाटणी अशी चोख, की गप्पांना वेळ उरे. आज भाजी काय, काल वीज किती तास नव्हती, वर्गातल्या कोणत्या पोरानं प्रयोगशाळेतलं मीठ चाटून पाहिलं. दिवसभर कार्यालयात हिंदीतून पत्रं लिहिणाऱ्या मुकुंदला मराठीत बोलायला मिळणारा तेवढाच पाऊण तास. प्रत्यक्ष भेटी चार. त्यातली एक सौंसरच्या बसस्टँडवर, सहा मिनिटांची. छिंदवाड्याची बस वेळेवर आली म्हणून तो आजतागायत त्या बसवर नाराज होता.

मग सरलाच्या मुलीला, केतकीला, दिवस गेले. सरलानं नोकरीतून मुदतीआधीच निवृत्ती घेतली नि केतकीच्या सातव्या महिन्यात इंदूर गाठलं. कोपऱ्यात शेवटचा निरोप टाकला: 'येते हं.' आपल्याकडे निघणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. त्यामुळे चौकीच्या हिशेबात कायमचं असं कोणी गेलेलंच नव्हतं. जो तो 'येतो' म्हणून बाहेर पडलेला, नि त्याची किल्ली तशीच खुंटीला. मुकुंदनं अशांची एक यादी केली होती. यादीत पाच नावं होती. सरलाच्या नावापुढे तो दिवस लिहीत असे. चारशे सव्वीस झाले होते.

फोन नंबर होता. फोन केला नव्हता. फोन करायला काम लागतं, नि सरलाकडे त्याचं काम काहीच नव्हतं. हीच तर अडचण होती.

त्या यादीतल्या रोशननं घोळ केला. त्यानं जुना मोबाइल विकला नि आतलं काही पुसलं नाही. विकत घेणाऱ्याच्या हाती किल्लीही गेली. दोन दिवस चौकीवर कुठल्याशा बाटलीतल्या औषधाची तारीफ हिरव्या खुणेसकट झळकत राहिली. तिघांनी फवारलं, तिघांच्याही झाडांची पानं करपली. मुकुंदनं रोशनची किल्ली त्याच घटकेला काढली, पण बोभाटा व्हायचा तो झालाच.

सौंसरच्या नर्सरीवाल्यांची सून दिपाली सगळ्यात नवी किल्लीवाली होती. तिनं फोन केला.

"काका, तिघं जण पानं घेऊन आमच्या नर्सरीत येऊन बसले आहेत. मी तोंड द्यावं तरी किती? अजून चार किल्ल्या वर्षभरापासून पडून आहेत. त्या काहून ठेवल्या तुम्ही?"

"ठेवल्या नाही ना बाई. राहिल्या."

"तिघांच्या राहिल्या अन् एकीची ठेवली, असं म्हणा ना जी," दिपाली म्हणाली. मग आवाज जरा खाली घेऊन तिनं आठवण करून दिली, की वर्षभर न लागलेली किल्ली परत घ्यायची हा नियम सरला मॅडमनीच लिहिलेला आहे.

ते खरंच होतं. नियम सोपा होता. बारा महिने किल्ली वापरली नाही तर त्या माणसाला कळवायचं, तीस दिवस वाट पाहायची, उत्तर नाही आलं तर किल्ली काढायची. मुकुंद दोन महिने हे कळवणंच टाळत होता. कळवलं नाही तर तीस दिवस सुरू होत नाहीत, नि सुरू झाले नाहीत तर संपतही नाहीत, असा त्याचा कारकुनी बंदोबस्त. किल्लीवाल्यांच्या यादीत सरलाचं नाव त्याच्या नावाच्या खालीच होतं. ते एकदा निघालं की तिचं नि त्याचं कुठेच काही सामायिक उरणार नव्हतं. पण एका परीनं ही सूचना म्हणजे तिला लिहायला मिळालेलं कामही होतं, वर्षभरातलं पहिलं.

दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तो लिहायला बसला. आधी नियम, मग मुदत, मग 'कृपया आपली इच्छा कळवावी'. वाचून पाहिलं तर अगदी कार्यालयाचं स्मरणपत्र झालेलं. सरलानं असं पत्र वाचलं तर ती हसेल, मग पुसून टाकेल. त्यानं खाली एक ओळ घातली. ती घालायला त्याला उरलेली सगळी सुट्टी लागली.

'सकाळी सातला कोपरा सुना वाटतो. याल का?'

आणि पाठवलं.

आता इथे त्याच्या हातानं दगा दिला. जावक शाखेत बावीस वर्षांत त्यानं एका क्रमांकाखाली दोन वेगळी पत्रं कधी काढली नव्हती. मूळ पत्र एक, प्रतिलिपी सगळ्यांना, तारीख एकच, म्हणजे पुढे कोणी भेदभाव म्हणायला नको. या शिस्तीत त्यानं मजकूर लिहायच्या आधीच चारही नावांपुढे खुणा करून ठेवल्या होत्या. डोळे ओळीवर होते, हातानं आपली नोकरी केली. सरलाबरोबर ती ओळ रामाकोन्याच्या भगवंतरावांना गेली, मोतीरामला गेली, नि लग्न होऊन नागपूरला गेलेल्या डिंपललाही गेली.

त्याला कळलं ते संध्याकाळी, भगवंतरावांचा आवाजी निरोप कोपऱ्यात सगळ्यांसमोर वाजला तेव्हा. भगवंतराव चौऱ्याहत्तर वर्षांचे, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून चौकीवर फिरकले नव्हते.

"मुकुंदा, तुले सुनं सुनं वाटते हे माहीत असतं तर मी कधीचाच आलो असतो बा. मले वाटलं, म्हाताऱ्याले कोण विचारते. तुह्या काकूनं, कलाबाईनं, वाचून दाखवलं पत्र. तिचेही डोये भरून आले."

डिंपलनं लिहिलं, की तीही सकाळी सातला नवऱ्याचा डबा भरताना इकडचीच आठवण काढते, पण आपण गेल्यावर कोणाचं काही अडलं असेल असं तिला वाटलं नव्हतं. मोतीरामनं 'येतो' लिहिलं, नि तो खरंच दुसऱ्या दिवशी आला. आल्या आल्या चार जाहिराती खोडल्या, त्यात एक जाहिरात नव्हती, लग्नाची पत्रिका होती.

तीन किल्ल्या अशा एका आठवड्यात चालू झाल्या. दिपालीनं वेगळा निरोप पाठवून काकांचं अभिनंदन केलं, आणि खाली विचारलं, की बाण ज्या झाडाला मारला होता त्याचं काय झालं.

सरलानं सूचना वाचल्याची खूण पहिल्याच दिवशी दिसली होती. पुढे काही नाही. कोपऱ्यात आता सकाळी सातला पाच-पाच माणसं बोलत, भगवंतराव खोकून हजेरी लावत, नि मुकुंदला तो कोपरा पूर्वीपेक्षा जास्त रिकामा वाटे. दहा दिवस झाले. वीस झाले. सत्तावीस झाले. कारणं काढून तो थकला. नातवंडात गुंतली असेल. आवडलं नसेल. हसू आलं असेल. यातलं तिसरं त्याला सगळ्यात खरं वाटे.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी निरोप आला. कोपऱ्यात नाही, त्याच्या एकट्याकडे.

'मुकुंदजी, एक विचारू? ती शेवटची ओळ वाचली त्याच दिवशी मी उत्तर लिहीत होते. तेवढ्यात भगवंतरावांचा फोन आला, की त्यांनाही आली. तेव्हापासून विचार करून राहिली. ती सगळ्यांना होती का?'

मुकुंदनं उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. पहिल्यात चूक कशी झाली त्याचा खुलासा होता, मुद्द्यांसकट. दुसऱ्यात क्षमा होती. तिसऱ्यात नुसतं 'हो' होतं, नि ते पाठवलं असतं तर सगळंच सोपं झालं असतं. चौथ्यांदा त्यानं लिहिलं:

'गेली चौघांना. लिहिली तुम्हाला.'

पाठवल्यावर तो उठून अंगणातल्या नळाचं तोंड घट्ट करून आला. ते घट्टच होतं.

अकरा मिनिटांनी उत्तर आलं.

'बरं झालं सांगितलं. आता माझंही ऐका. मी येऊन नाही राहिली. नात चालायला लागली आहे, केतकीची नोकरी आहे, सौंसरचं घर भाड्यानं दिलं. इथे खिडकीतून समोरची इमारत दिसते, पान म्हणून दिसत नाही. किल्ली घेऊन मी काय उघडू? पण तुम्ही काढून घेऊ नका, मी स्वतःहून परत करते. स्वतःहून दिली तर मागितल्याबरोबर परत मिळते, काढून घेतली तर पुन्हा सगळ्यांची मतं मागावी लागतात. तो नियम लिहिला तेव्हा तुम्ही म्हटलं होतं, असा कोण येणार आहे परत मागायला. मी तो माझ्यासाठीच लिहिला होता, पण तेव्हा मला कुठे जायचं नव्हतं. किल्ली घ्या. ओळ माझ्याकडे राहू द्या.'

मुकुंदनं ते पुनःपुन्हा वाचलं. कितीदा ते त्यानं मोजलं नाही, आणि हे त्याच्या बाबतीत नोंदवून ठेवण्यासारखं आहे. मग 'बरं' लिहिलं. त्याखाली लिहिलं, 'नातीचं नाव काय?' उत्तर आलं, 'ऋतुजा.'

मग तो कामाला लागला. सरलाचं पान उघडलं, किल्ली काढण्याच्या ठिकाणी बोट ठेवलं. चौकीनं कारण विचारलं, तीन पर्याय दिले: गैरवापर, वापर नाही, स्वतःहून परत. त्यानं तिसरा निवडला. खात्री आहे का, असं चौकीनं पुन्हा विचारलं, जसं ती कोणालाही विचारते. तो हो म्हणाला.

किल्लीवाल्यांच्या यादीत त्याच्या नावाखाली भगवंतरावांचं नाव सरकून आलं.

सरला आता साध्या सभासदांच्या यादीत होती. ती यादी साडेचार हजारांची, अक्षरांच्या क्रमानं लावलेली, नि किल्लीवाल्यांची नावंही त्यात असत. मुकुंद ती खाली खाली सरकवत गेला. तिच्या वर जामचा कोणी सयाजी ट्रॅक्टरवाला होता, खाली कोणी सर्जेराव. दोघांनीही आजवर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. तिचा अनुक्रमांक तीन हजार सातशे सोळा. मग तो उलटा वर 'म'पर्यंत गेला. त्याचा स्वतःचा दोन हजार सहाशे चार. मध्ये अकराशे अकरा माणसं होती.

त्या दिवशी तो कार्यालयात उशिरा पोचला. साहेबांनी कारण विचारलं, तर म्हणाला, यादी जुळवत होतो.