हुबेहूब

वर्गातल्या हेडफोनच्या गाद्या नेहमी ओलसर असत. आधीच्या तुकडीतल्या कुणाच्या तरी कानांचा घाम त्यात मुरलेला असे. धाकटी त्या रुमालाने पुसे, नाक मुरडे, आणि तरी कानाला लावी. खोलीच्या कोपऱ्यात कॉफीचं यंत्र होतं, त्याच्या तळाशी जुन्या दुधाचा थर आंबलेला होता. अशा वासात बसून, दिवसभराच्या कामानंतर, माणसं वरच्या पातळीचं इटालियन शिकत होती.

धाकटी हे तिचं घरातलं नाव. दोघीच बहिणी; मोठी ती ताई आणि ही धाकटी, चाळिशी उलटली तरी धाकटीच. दिवसा ती टाइल्स, बेसिन आणि कमोड आयात करणाऱ्या कंपनीत पत्रव्यवहार बघे. त्यांनी पाठवलेल्या मालातल्या निम्म्या कमोडांची झाकणं बसत नाहीत, हे इटलीतल्या कारखान्याला अत्यंत सभ्य भाषेत कळवायचं, हे तिचं काम. त्या कामाला येत होती तेवढी भाषा पुरून उरली असती. पण ती शिकत होती ताईसाठी.

ताई एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला इटलीत गेली, तेव्हा त्या बाईचा नातू नुकता पावलं टाकायला लागला होता. त्याचे आईबाप कामावर, म्हणून म्हातारीबरोबर पोरही ताईच्याच पदरात पडलं. आता ते पोर कॉलेजात होतं. ताई त्याला छोटू म्हणे. वर्षं गेली तसं ताईचं फोनवरचं बोलणं अर्धं तिकडचं झालं. "या शब्दाला आपल्यात शब्दच नाही गं," म्हणून ती हसे, आणि धाकटीला वाटे, अर्धी बहीण हातची गेली. ती अर्धी परत मिळवायची म्हणून ती पहिल्या पायरीपासून शिकत आली होती.

वरच्या वर्गात म्हणे भाषा शिकवत नाहीत, संस्कृती शिकवतात. मास्तर भर उकाड्यातसुद्धा गळ्याला रेशमी रुमाल बांधणारा माणूस होता; वर्गात त्याचं नाव रुमाल्या पडलं होतं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "व्याकरण संपलं. आता त्यांच्यासारखं चिडायचं, रुसायचं, हसायचं. आणि संस्कृती म्हणजे संग्रहालयातले पुतळे नव्हेत. लोकांनी काल फोनवर काय बघितलं, ती संस्कृती."

मग काय, जे बघू नये ते सगळं बघणं आलं. टीव्हीवर एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी सुशिक्षित माणसं. घटस्फोट झाला म्हणून कॅमेऱ्यासमोर नाक शिंकरत रडणारा, आणि रडता रडता मधेच गादीची जाहिरात करणारा एक तरुण. एका नवऱ्याने झोपलेल्या बायकोचं घोरणं रोज इंटरनेटवर टाकलेलं, आणि ते ऐकायला लाखो लोक जमलेले. धाकटीला पुष्कळदा शिसारी येई. पण मास्तर म्हणे, "किळस आली तरी कान उघडे ठेवा," आणि ती ठेवी.

शिकवायची पद्धत अशी, की कानात आवाज चालू ठेवायचा आणि अर्ध्या श्वासाच्या अंतराने, आरशासमोर उभं राहून, त्याच आवाजात बोलत जायचं. याला ते सावली धरणं म्हणत. नुसते शब्द नाही. उसासा, खोकला, घशातली खरखर, हातवारे, सगळं. "अर्थ नंतर, आधी तोंड," हा मास्तरचा मंत्र. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपण एखाद्याला रागाने म्हणतो. इथे तीच पद्धत होती. तास संपेपर्यंत आरशावर थुंकीचे थेंब वाळलेले असत.

आणि या थुंकीच्या कारखान्यात धाकटी सगळ्यांत पुढे होती. कुणाचंही तोंड तिच्या तोंडावर बसे. मास्तर कुणाला 'बरं' म्हणे, कुणाला 'चालेल', धाकटीला म्हणे, "हुबेहूब!" चाळिशीनंतर शाबासकी दुर्मीळच होते, त्यामुळे तिला तो शब्द गोड लागे. फोनवर ती ताईलाही नकला करून दाखवी. ताई खो खो हसे आणि म्हणे, "अगं, अगदी आमच्या खालच्या मजल्यावरची!"

त्या हिवाळ्यात म्हातारीला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं. म्हणजे ताई मोकळी झाली. धाकटीने मागची खोली रिकामी केली, रंग दिला, पलंग आणला, ताईला उजव्या कुशीवर झोपायची सवय म्हणून तो खिडकीकडे तोंड येईल असा लावला. आणि ताई फोनवर घुटमळायला लागली.

"आणखी दोन वर्षं राहीन म्हणते."

"कुणासाठी? आजी तर चालल्या."

"छोटूला कसं टाकून येऊ गं? परवा गळ्यात पडला. म्हणतो, तू गेलीस तर माझं कसं होणार? इतका जीव आहे त्याचा. सारखे माझे व्हिडिओ काढतो, म्हणतो, सगळ्यांना तू हवी असतेस. अशी कोण माझी वाट बघत होतं कधी?"

मी बघतेय की, असं धाकटीच्या ओठावर आलं होतं. पण ती म्हणाली, "बघ बाई, तुझं तू." मनातून मात्र तिचा जळफळाट झाला. त्या परक्या पोरासाठी सख्खी बहीण बाजूला पडली, याचा तिला सरळ सरळ राग आला होता.

पुढच्याच तासाला मास्तर हात चोळत आला. "आजचा विषय उपरोध. तिकडे सध्या एक मालिका फार चालते. एक पोरगा घरातच काढतो. 'आमची कोंबडी' म्हणतो तो तिला. बघा आणि टिपा."

पडद्यावर स्वयंपाकघर आलं. एक जाडसर बाई एका म्हातारीला चमच्याने भरवत होती. बाईच्या चेहऱ्यावर व्हिडिओत मागाहून कोंबडीचं चित्र चिकटवलेलं होतं, ते तिच्या मानेबरोबर हलत होतं. प्रत्येक घासाला म्हातारीआधी बाईच स्वतःचं तोंड उघडत असावी. कारण प्रत्येक घासाला कोंबडीची चोच उघडे आणि कॅमेऱ्यामागून कुणीतरी कोंबड्यासारखं आरवे. मग बाई चष्मा शोधायला लागली. टेबलाखाली, उशांखाली, म्हातारीच्या मांडीवरच्या शालीत. कॅमेरा आरामात मागे मागे फिरत होता. शेवटी फ्रिज उघडल्यावर अंड्यांच्या खणात चष्मा सापडला, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई!"

वर्गात हशा उसळला. "अरे, ही तर आपल्यातली!" विमा कंपनीतला गृहस्थ ओरडला. "नाव काढलं हिने आपलं!"

धाकटी हसली नव्हती. चष्मा घेणाऱ्या हाताची करंगळी बाहेर वाकलेली होती. लहानपणी कपाटाच्या दारात चिमटली होती ती, आणि बाबांनी काडी बांधून बसवली होती, वाकडी बसली. पडद्यावरची बाई त्याच हाताने पोराचा गाल कुरवाळायला कॅमेऱ्याकडे आली, चित्र हललं, आणि पोरगा हसला. नाकातून सुरू होणारं, घशात गुदगुल्या झाल्यासारखं हसू.

मास्तरने चित्राखालचं लिखाण मोठं केलं. 'आमच्याकडे दोन म्हाताऱ्या आहेत. एक आजी, दुसरी सामान.' त्याखाली लोकांनी लिहिलेलं: 'हिची बॅटरी कधी संपते?' 'आमची बिघडली. नवी कुठे मिळते?' शब्द तोडके-मोडके, पोरांच्या हल्लीच्या बोलीतले. वरच्या पातळीचे. वर्षभरापूर्वी धाकटीला यातलं अक्षर कळलं नसतं. आता एकूण एक कळत होतं. इतकी वर्षं घासून ती या पायरीवर चढली होती, आणि वर हे वाढून ठेवलेलं होतं.

मग सगळे आरशासमोर उभे राहिले आणि सावली धरायला लागले. विमावाल्याने पोट पुढे काढलं. नुकतंच लग्न ठरलेल्या एका मुलीने करंगळी वाकडी केली आणि चोच उघडली. हवाई कंपनीतल्या बाईंनी तर कमरेवर हात ठेवून असं काही "अगं बाई" केलं, की मास्तर टाळ्या वाजवायला लागला. सगळी सभ्य माणसं. घरी जाऊन आईच्या औषधाच्या वेळा बघणारी. धाकटीला त्यांच्या ओल्या ओठांची, उघड्या तोंडांची, दातांत अडकलेल्या बिस्किटांची इतकी घाण वाटली, की तिने श्वास रोखून धरला. ती माझी बहीण आहे, एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. कुठल्याही भाषेत चाललं असतं. ते काही आलं नाही. लाज वाटली तिला, आणि लाज ताईची वाटली, हे तर त्याहून घाणेरडं.

"तुम्हाला सोपं देणार नाही," मास्तर तिला म्हणाला. "तुम्ही कॅमेऱ्यामागचा मुलगा करा. त्याचं हसू ऐका. तिरस्कार आहे, पण लाडात बुडवलेला. हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही."

तिने ओलसर गाद्या कानाला लावल्या. आवाज सुरू झाला आणि तिचं तोंड, सवयीने, तिला न विचारता, त्याच्यामागे निघालं. नाकात फुसकन हवा, मग घशात गुदगुली, मग ते आरवणं.

"हुबेहूब!" मास्तर म्हणाला.

ती स्वच्छतागृहात जाऊन भडभडून ओकली. चूळ भरली, पुन्हा भरली. बेसिन तिच्याच कंपनीने आणलेलं होतं, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला त्याचीही किळस आली. वर्गाकडे ती परत फिरकली नाही.

रविवारी दुपारी ताईचा फोन आला. आवाजात उत्साह होता.

"उद्या छोटूच्या आईबापांना राहते म्हणून सांगते. पण आधी एक काम कर. तू आता वरच्या वर्गात आहेस ना? छोटूच्या व्हिडिओखाली लोक काय काय लिहितात, ते तो मला दाखवत नाही, आणि पोरांची ती बोली मला वाचताही येत नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, तुझं कौतुक करतात. तू मला सगळं नीट वाचून दाखव. चार शब्द कौतुकाचे ऐकले की दोन वर्षं कशी निघून जातील."

धाकटीने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. खोटं बोलणं सोपं होतं. सुगरण आहेस म्हणतात, प्रेमळ आहेस म्हणतात. खरं बोललं तर ताई घरी येईल, आणि आपल्याला तर तेच हवंय; मग हे खरं बोलणं तरी किती खरं? विचार करून करून तिचं डोकं उठलं होतं. पण ताईने त्या घरात आणखी एक घास भरवावा, आणि त्या कार्ट्याने आरवावं, हे तिला सहन होणारं नव्हतं.

तिने सांगितलं. कोंबडीचं चित्र सांगितलं. फ्रिजमधला चष्मा कुणी ठेवला ते सांगितलं. सामान, बॅटरी, बिघडलेली, सगळं मराठीत, एकेक करून.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लोक काय, काहीही लिहितात. त्यांना काय कळतंय. तो स्वतः कसा म्हणतो, ते सांग."

"कसा म्हणजे?"

"तुला येतं ना ते, आवाज काढायचं? त्याच्या आवाजात म्हणून दाखव. तो लाडाने म्हणत असेल गं. मी ओळखते ना त्याला. पहिल्या पावलापासून ओळखते."

"ताई, नको."

"म्हण. मला ऐकू दे."

धाकटीने डोळे मिटले. 'एक आजी, दुसरी सामान,' ती त्याच्या भाषेत, त्याच्या आवाजात म्हणाली, आणि मागोमाग ते हसू आलं. नाकातून सुरू होऊन घशात उतरणारं. तिने ते अर्ध्यावर तोडायचा प्रयत्न केला, पण शिकलेलं तोंड थांबलं नाही. पुरतं हसूनच थांबलं.

पलीकडे भांड्याला चमचा लागल्याचा बारीक आवाज आला. म्हातारीचं जेवण चाललं असावं.

"तोच," ताई म्हणाली. "अगदी तोच आहे." तिचा आवाज सपाट होता. "औषध प्यायला रडायचा ना, तेव्हा मीच शिकवलं होतं त्याला तसं हसायला. आधी नाकातून फुस्स करायचं, मग गुदगुल्या झाल्यासारखं. बाबा आपल्याला करायचे तसं."

धाकटीच्या घशात ते हसू अजून बसलेलं होतं. बाबांचं. ताईचं. त्या पोराचं. आणि आता तिचंही.

"तू नको गं हसूस तसं," ताई म्हणाली.

"नाही."

"परत कधी नको."

"नाही ताई."

पुन्हा चमचा वाजला. ताई इटालियनमध्ये हळू म्हातारीला म्हणाली, "हं, हा शेवटचा." मग फोन तोंडाजवळ घेऊन तिने विचारलं, "मागच्या खोलीला कुठला रंग दिलास म्हणालीस?"

"पिवळा," धाकटी म्हणाली. मग हा आवाज आपलाच आहे ना, हे बघायला तिने पुन्हा एकदा म्हटलं, "पिवळा."